खरं नाव, हाकेचं नाव : अलीकडे वाचलेल्या काही फँटसी कादंबऱ्यांबद्दल

तुम्ही लिहिलंत की यंदा वाचनालयातून तीन जाडजूड फँटसी कादंबऱ्या आणल्या आणि त्यातल्या दोन अर्ध्यात सोडल्या. कारण नावं. पानापानावर नवं नाव, तेही उच्चारता न येणारं. शेवटी दिलेली शब्दसूची उघडून बघायची आणि परत यायचं, तोवर गोष्ट हातची गेलेली. शिवाय नुकतेच निवृत्त झालेले वडील पुस्तकाकडे बघून म्हणाले, ‘ही पोरांची पुस्तकं, तुझं वय काय?’ आणि मग मला विचारलंत, ‘ताई, तुम्ही इतकी वर्षं अनुवाद करता, तुम्ही सध्या यातलं काय वाचलंत आणि ते कसं वाटलं?’

मी 22 वर्षं इंग्रजीतून मराठीत कथा-कादंबऱ्या आणते आहे आणि फँटसी आवडीने वाचते. गेल्या वर्षभरात काही नव्या वाचल्या, काही जुन्या पुन्हा काढल्या. पण पुस्तकांकडे वळण्याआधी तुमची अडचण. तुम्ही नावांपाशी अडलात ते चुकून नाही. नाव हीच या साहित्यप्रकाराची नाडी आहे. लेखकाने उभं केलेलं जग जिवंत आहे की पुठ्ठ्याचं, हे मी पहिल्या 50 पानांत एकाच गोष्टीवरून ठरवते: या जगातली माणसं एकमेकांना काय हाक मारतात, आणि का. ‘का’ला उत्तर असेल तर कितीही विचित्र नाव लक्षात राहतं. उत्तर नसेल तर शब्दसूचीसुद्धा तारत नाही.

आणि मराठी वाचकाला हे शिकवायला लागू नये. आपल्याकडे बाराव्या दिवशी ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत आत्या बाळाच्या कानात आधी नाव सांगते, मगच ते चारचौघांना कळतं. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं, शाळेतलं वेगळं, घरातलं बाळ्या नाहीतर छकुली. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवऱ्यामुलीचं नवं नाव लिहितात. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात गुंफून, एरवी ‘अहो’ आणि ‘आमचे हे’. खेड्यात रात्री सापाला साप म्हणत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात, कारण नाव घेतलं की येतो. नावात शक्ती असते, ते जपून वापरायचं असतं, दिलं-घेतलं-काढून घेतलं जातं, हे आपण लहानपणापासून जगतो. फँटसीतली अर्धी जादू एवढ्यावरच चालते.

म्हणून सुरुवात उर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’पासून. 1968 चं पुस्तक आहे, मी यंदा चौथ्यांदा वाचलं. शेकडो बेटांचं जग. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर एक आईवेगळा शेळ्या राखणारा पोरगा. आईने ठेवलेलं त्याचं नाव डनी. गावातली चेटकीण ही त्याच्या मेलेल्या आईची बहीण, म्हणजे मावशी. (इंग्रजीत नुसतं ‘आँट’ म्हणून भागतं, आपल्याला नातं शोधावं लागतं. इथे लेखिकेने ते सांगून ठेवलंय, म्हणून बरं.) मुलं त्याला स्पॅरोहॉक म्हणतात, कारण तो रानातल्या ससाण्यांना हाक मारून खाली बोलावतो. मी हे पुस्तक कधी अनुवादायला घेतलं तर त्याला ‘शिक्रा’ म्हणेन. शिक्रा त्याच कुळातला, आपल्या गावाबाहेरच्या बाभळीवर दिसणारा, लहान आणि तापट. पोरगा तसाच आहे.

तो 13 वर्षांचा होतो तेव्हा मावशी त्याचं डनी हे नाव परत घेते. बिननावाचा आणि उघडा असा तो आर नदीच्या उगमाच्या थंडगार पाण्यातून चालत पलीकडे जातो. पलीकडे ओगियन नावाचा मितभाषी जादूगार उभा असतो. तो त्याचा दंड धरतो आणि कानात त्याचं खरं नाव सांगतो: गेड. या जगात ज्याला तुमचं खरं नाव ठाऊक, त्याच्या मुठीत तुमचा जीव. म्हणून ते फार थोड्यांना सांगायचं, बाकी जगासाठी हाकेचं नाव.

आता बघा, एवढा एक नियम केल्यावर लेखिकेला मैत्री दाखवायला भाषणं लिहावी लागत नाहीत. गेड रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो, गर्वाच्या भरात एक भयंकर गोष्ट करून बसतो, मरता मरता वाचतो. चेहऱ्यावर व्रण राहतात, वाचा अडखळते, सगळे मागे टाकून पुढे निघून गेलेले असतात. तेव्हा वेच नावाचा त्याचा एक साधासुधा, सावळा मित्र निरोप घ्यायला येतो. शाळा संपवून तो घरी चाललाय. आणि जाताना तो सहज आपलं खरं नाव सांगून टाकतो: एस्टॅरिओल. बास, तेवढंच. ज्या माणसावर आता कुणाचा विश्वास नाही, स्वतःचाही नाही, त्याच्या हातात दुसऱ्याने आपला जीव ठेवला. गेड काय करतो? तोही आपलं नाव सांगतो. पान-दीड पानाचा प्रसंग आहे. मी चौथ्यांदा वाचतानाही तिथे थांबले आणि पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

ले ग्विनच्या घरची एक गोष्ट यासोबत ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा एक माणूस एकटा, उपाशी सापडला. त्याचे सगळे लोक संपले होते. त्याच्या रिवाजात आपलं नाव आपण सांगायचं नसतं, आपली ओळख करून द्यायला दुसरं कुणीतरी आपलं माणूस लागतं. त्याचं तर कुणीच उरलं नव्हतं. मग क्रोबरनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली, ‘याना’ या त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’. 1916 मध्ये तो गेला आणि त्याचं नाव त्याच्याबरोबर गेलं. पुढे थिओडोरा क्रोबर, म्हणजे ले ग्विनची आई, हिने त्याच्यावर पुस्तक लिहिलं, ते 1961 मध्ये आलं. त्यानंतर सात वर्षांनी मुलीने असं जग लिहिलं जिथे नाव सांगणं म्हणजे जीव सोपवणं.

दुसरा भाग ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’, 1971 चा. माझ्या मते मालिकेच्या पहिल्या चार भागांत सगळ्यात घट्ट विणलेला. तेनार नावाची पाच-सहा वर्षांची मुलगी देवळाच्या सेवेसाठी घरातून उचलून आणतात. एका विधीत तिचं नाव काढून घेतात, आणि त्यानंतर ती ‘अऱ्हा’, म्हणजे ‘खाल्ली गेलेली’. अंधाऱ्या देवतांची पुजारीण. जमिनीखालचे भुयारी रस्ते ती नुसत्या बोटांनी ओळखते, थडग्यांखालच्या गुहेत तर दिवा न्यायची बंदी. पुढे गेड तिथे चोर म्हणून येतो, तिच्या हाती सापडतो, आणि त्याच्याजवळ तिला देण्यासारखी एकच वस्तू निघते: तिचं हरवलेलं नाव.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. सगळा वाडा तिला काकी म्हणायचा, तिची मुलंसुद्धा. सासरचं नाव लक्ष्मी, ते रेशनकार्डावर. ती गेल्यावर माळ्यावरची भांडी काढली तेव्हा एक पितळी तांब्या निघाला, काळा पडलेला. चिंचेने घासला तर गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं उमटली: ‘चि. कु. द्वारका’. माहेरून आलेला तांब्या. माझ्या आईला, म्हणजे तिच्या पोटच्या मुलीला, वयाच्या साठाव्या वर्षी कळलं की आपल्या आईचं नाव द्वारका होतं. 60 वर्षं त्या नावाने तिला कुणी हाक मारली नसणार. तेनारची गोष्ट मला परकी वाटली नाही ती यामुळे.

आता मधल्या काळात आलेल्या पुस्तकांकडे येते. ‘द गॉब्लिन एम्परर’, 2014, लेखिका कॅथरिन ॲडिसन (हे टोपणनाव, मूळ नाव सारा मोनेट). तुम्ही सोडलेल्या दोनांपैकी हे एक, आणि मला ते फार आवडलं, म्हणून तुमच्याशी जरा भांडते. गोष्ट साधी. हवाई जहाज कोसळतं, त्यात सम्राट आणि त्याचे तीन मोठे मुलगे जातात. उरतो तो नावडत्या गॉब्लिन (दरबाराने हलक्या मानलेल्या परक्या वंशाच्या) राणीचा 18 वर्षांचा मुलगा माइया. आई आठव्या वर्षीच गेलेली. बापाने दूरच्या एका पडक्या गढीत टाकलेला, मारकुट्या नातेवाइकाच्या ताब्यात. त्याला एका रात्रीत गादीवर बसवतात. पुढे लढाया नाहीत, ड्रॅगन नाहीत. दरबार, अर्ज, जेवणावळी, लग्नाची बोलणी, एका पुलाचा प्रस्ताव, एक कट, आणि एका भित्र्या पण मनाने चांगल्या मुलाचं राजा होणं.

नावं भयंकर आहेत, कबूल. गादीवर बसताना तो बापाचं नाव नाकारून एड्रेहासिव्हार हे नाव घेतो, आणि ते एक नाव निवडणंच त्याचं पहिलं राजकारण असतं. पण बाकीची गुंतागुंत पाहा. पुरुषाच्या नावाआधी ‘ऑस्मर’, लग्न न झालेल्या बाईच्या आधी ‘ऑस्मिन’, झालेल्या बाईच्या आधी ‘ऑस्मेरेम’. घराण्याच्या नावाचा शेवटही बाई लग्न झालेली की न झालेली यावर बदलतो. इंग्रज वाचक इथे शब्दसूचीकडे धावतो. आपण कशाला धावायचं? श्री., कु., सौ. हे लग्नपत्रिकेवर वाचतच आपण मोठे झालो. ऑस्मिन दिसलं की मनात ‘कु.’ वाचा, पुढे चला.

आणि खरी गंमत सर्वनामांत आहे. दरबारी भाषेत सगळेच स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात आणि समोरच्याला आदरार्थी बोलतात. ‘मी’ आणि ‘तू’ फक्त जिव्हाळ्याच्या माणसांत. आधुनिक इंग्रजीत हा भेद उरलेला नाही, म्हणून लेखिकेला जुने, पडीक शब्द उकरून काढावे लागले, आणि ते वाचायला खडबडीत लागतात. मराठीत हे पुस्तक लोण्यासारखं उतरेल. तू, तुम्ही, आपण, आम्ही, सगळं घरात तयार. माइया रात्री झोपायला जातो तेव्हाही दोन अंगरक्षक खोलीत असतात, क्षणभरही एकटेपण नाही, आणि तरी बोलायला कुणी नाही. त्यातल्या एकाशी, कालाशी, त्याला मैत्री करावीशी वाटते. काला कळवळून पण स्पष्ट सांगतो की आम्ही तुमचे मित्र होऊ शकत नाही. इंग्रजीत ते ‘वी’ हळूच निसटून जातं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन शब्दांमधली भिंत लख्ख दिसेल. तुम्ही 120 व्या पानाला सोडलंत म्हणता. पुन्हा घ्या, आणि वाचताना मनात कोण कुणाला अहो-जाहो करतंय तेवढंच बघा.

दोष? शत्रू फार लवकर ओळखू येतात, आणि माइया इतका चांगला आहे की मधल्या शंभर पानांत त्याने एखादी तरी मोठी चूक करावी असं वाटत राहतं.

‘पिरानेसी’ मी दोन बैठकांत संपवलं. सुझाना क्लार्कची पहिली प्रचंड कादंबरी 2004 ची. त्यानंतर ती दीर्घ आजारपणात होती, आणि ही दुसरी कादंबरी, लहानशी, 2020 मध्ये आली. 2021 चं विमेन्स प्राइझ (लेखिकांच्या इंग्रजी कादंबरीला मिळणारं ब्रिटिश पारितोषिक) या कादंबरीला मिळालं. एक माणूस अफाट घरात राहतो. दालनांमागून दालनं, सगळी पुतळ्यांनी भरलेली. खालच्या मजल्यावर समुद्र, भरती आली की पायऱ्या चढतो. वरच्या मजल्यावर ढग. तो मासे पकडतो, समुद्री शेवाळ वाळवतो, कोनाड्यांतल्या हाडांना फुलं वाहतो, आणि रोजनिशी लिहितो. वर्षाला आकडा नाही. ‘नैर्ऋत्य दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष’ असं नाव. (आपल्या आज्या ‘पानशेतच्या पुरानंतरचा जन्म’ म्हणतात, तसंच.) आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, एक नीटनेटका गृहस्थ भेटतो. तो त्याला पिरानेसी म्हणतो. आपल्या नायकाला पक्कं वाटतं की हे आपलं नाव नाही, पण दुसरं आठवत नाही, म्हणून तो ओ देतो. अठराव्या शतकात काल्पनिक तुरुंगांची कोरीव चित्रं करणारा इटालियन कलावंत पिरानेसी ज्याला माहीत आहे, त्याला पहिल्या 20 पानांत गार वाटायला लागतं. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय आहे, हे नावातच सांगितलेलं आहे.

अनुवादक म्हणून या पुस्तकाने माझी झोप उडवली. क्लार्क घर, भरती, दालन, पुतळा हे शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षराने सुरू करते, त्यामुळे प्रत्येक वस्तू त्याच्यासाठी देवासारखी होते. देवनागरीत मोठं अक्षर नाहीच. मग काय करायचं? मी गंमत म्हणून पहिली तीन पानं करून पाहिली. ठळक टाइप वापरला तर जाहिरात वाटते. शेवटी ‘भरती आली’ऐवजी ‘भरतीबाई आल्या’, ‘घर’ऐवजी ‘घरदेव’ असं करून बघितलं आणि लगेच खोडलं, कारण त्यात लाडिकपणा आला. मग एकच उपाय चालला: घराबद्दल आदरार्थी बहुवचन. ‘घरांनी मला आज मासे दिले.’ आपण वडिलांबद्दल बोलतो तसं. यावर अजून विचार चालू आहे. पुस्तकाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे, गेल्या काही वर्षांत मी वाचलेल्यात याच्याइतकं नितळ दुसरं नाही. कोडं उलगडतं तो भाग थोडा घाईचा आहे, पण शेवटची दहा पानं ते सगळं भरून काढतात.

एन. के. जेमिसिनचं ‘द फिफ्थ सीझन’ (2015) त्याच्या अगदी उलट. राकट. जमीन सतत हादरते असं खंड, भूकंप थोपवू शकणारी माणसं, आणि त्याच माणसांना समाजाने गुलाम केलेलं. या मालिकेच्या तीन भागांना 2016, 2017 आणि 2018 असा सलग तीन वर्षं ह्यूगो हा विज्ञानकथा आणि फँटसीतला मानाचा पुरस्कार मिळाला. असं आधी कुणालाही जमलं नव्हतं, आणि कादंबरीचा ह्यूगो मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय लेखिका.

तिथली नावं कशी होतात पाहा: स्वतःचं नाव, मग समाजाने ठरवलेलं काम, मग गाव. काम जन्माने, आईकडून मुलीला आणि बापाकडून मुलाला. कष्टकरी, नेतृत्व करणारे, शोधक, प्रजननासाठी ठेवलेले. नाव, जात, गाव. कुंभार, सुतार, कुलकर्णी, आणि गावाला ‘कर’ लावून झालेली आडनावं घेऊन फिरणाऱ्या आपल्याला हे परकं नाही. आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना हे पुस्तक जास्त लागेल. भूकंप थोपवणाऱ्यांना एक शिवीसारखं नावही आहे, आणि त्यांना सुरुवातीचं प्रशिक्षण पुरं झाल्यावर जुनं नाव टाकून एखाद्या दगडाचं नाव घ्यावं लागतं.

एक प्रसंग सांगते. डमाया नावाच्या लहान मुलीला तिच्यावर नेमलेला पालक (आईबाप नव्हे, पहारेकरीच) घोड्यावरून शाळेत नेतोय. प्रेमाने बोलतो, गोष्ट सांगतो. ती विसावते. मग वाटेत, तिला स्वतःवर ताबा ठेवता येतो का हे पाहायला, तो तिचा हात शांतपणे मोडतो, आणि त्याच आवाजात सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. हे पोरांचं पुस्तक नाही, हे वडिलांना जरूर सांगा.

यातला एक धागा दुसऱ्या पुरुषात लिहिलाय: कुणीतरी एसुन नावाच्या बाईला तिचीच गोष्ट सांगतंय. इंग्रजीत ‘यू’. मराठीत लगेच प्रश्न, तू की तुम्ही? 40 पानं मी ‘तुम्ही’ धरून वाचलं, कारण ती मध्यमवयीन, दोन मुलांची आई, आणि तिच्यावर आभाळ कोसळलेलं. पण ‘तुम्ही’ने ती दूर गेली. ‘तू’ केल्यावर एकदम कळलं की बोलणारा कुणीतरी तिच्या अगदी जवळचा आहे, आणि तो कोण याचं कुतूहल तिथून सुरू झालं. पुस्तकात तीन बायकांच्या तीन गोष्टी आहेत. तिघींची नावं नीट लक्षात ठेवा. यापेक्षा जास्त सांगितलं तर तुमचा घास काढून घेतल्यासारखं होईल.

आणि आता ते पुस्तक, ज्याबद्दल मला कधीपासून कुणाशी तरी बोलायचं होतं. श्रीलंकेचे वज्र चंद्रशेखर यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’, 2023, कादंबरीचं नेब्युला (ह्यूगोसारखंच मानाचं) पारितोषिक मिळालेली. मूल जन्मतं त्या क्षणी आई त्याची सावली पितळी खिळ्याने जमिनीला ठोकते आणि त्याच्यापासून फाडून काढते. आईचं नाव मदर ऑफ ग्लोरी. ती मुलाला वाढवते एकाच कामासाठी: त्याला सोडून गेलेल्या बापाचा खून. बाप आता मोठा धर्मसंस्थापक आहे, लोक त्याला परिपूर्ण आणि दयाळू म्हणतात. मुलाचं नाव फेटर. म्हणजे बेडी, बंधन.

इंग्रजी वाचक या नावावरून पुढे जातो. आपण नाही जाऊ शकत. सिद्धार्थाला मुलगा झाल्याची वार्ता आली तेव्हा तो ‘राहुल जन्मला, बंधन जन्मलं’ असं म्हणाला, ही पाली परंपरेतली कथा. त्याच रात्री तो घर सोडून गेला. महाराष्ट्रात घरोघरी राहुल आहेत, आंबेडकरी घरांत गौतम, सिद्धार्थ, यशोधरा, राहुल ही नावं अभिमानाने ठेवली जातात. त्या कथेत जो पाळण्यात मागे राहिला, त्याच्या बाजूने कुणी लिहिलं तर? चंद्रशेखरांनी ते लिहिलंय. सिंहली राष्ट्रवादाने धर्माचं काय केलं, ते आतून बघितलेल्या माणसाने लिहिलंय. इथे ‘दयाळू’ हे बिरुद ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने लावून घेतलेलं आहे. हे वाचताना काहींना दुखेल. मला वाटतं दुखू द्यावं आणि वाचावं, कारण लेखकाचा राग करुणेच्या शिकवणीवर नाही, तिच्या नावाने माणसांच्या याद्या करणाऱ्यांवर आहे.

त्यात एक सुंदर कल्पना: निवडले जाता जाता राहिलेल्यांचा आधारगट. ज्यांच्याबद्दल भविष्यवाण्या झाल्या आणि फुसक्या ठरल्या, असे लोक शहरात एका खोलीत जमतात आणि आपली दुःखं सांगतात. फँटसीत शंभर वर्षं ‘तोच तो निवडलेला’ नायक वाचल्यावर हे वाचून मला मोकळं वाटलं. उत्तरार्धात छावण्यांमधली भटकंती लांबते आणि फेटर स्वतः पुसट होत जातो, हे खरं. तरी संग्रही ठेवण्याजोगं पुस्तक.

पॅट्रिक रॉथफसचं ‘द नेम ऑफ द विंड’ (2007) तुम्हाला कुणीतरी हमखास देईल, कारण त्यातही नावांचीच जादू आहे: वाऱ्याचं खरं नाव कळलं की वारा ऐकतो. वाक्यं गोड आहेत, सुरुवातीचा उपाशी पोराचा भाग मनापासून उतरलाय. पण नायकाला सुरुवातीलाच दहा-बारा बिरुदं लावून उभा केलाय, आणि मग प्रत्येक पानावर तो त्या बिरुदांना साजेसं काहीतरी करून दाखवतो. मला तो माणूस म्हणून भेटलाच नाही. दुसरा भाग 2011 मध्ये आला, तिसऱ्याची वाट पाहण्यात वाचकांची अनेक वर्षं गेली. मी दुसऱ्याच्या मध्यावर थांबले.

तुम्ही सोडलेलं दुसरं पुस्तक मी नाव घेऊन झोडणार नाही, पण त्या तऱ्हेची बरीच आहेत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता. त्याने आधी भाषा रचल्या, त्यांचे ध्वनी आणि व्याकरण ठरवलं, आणि नावं त्या भाषांतून आली, म्हणून ती एकमेकांची नात्यातली वाटतात. मागून आलेल्यांनी नुसता साचा घेतला: मधे एक ॲपॉस्ट्रॉफी, दोन ‘झेड’, झालं नाव. ते नाव आईने ठेवलं की राजाने, गल्लीतली पोरं त्याचं काय करतात, त्या भाषेत त्याचा अर्थ काय, यातलं काही नाही. अशी नावं लक्षात राहत नसतील तर तुमच्या स्मरणशक्तीला बोल लावू नका. अनुवाद करतानाही तीच नावं मेल्यासारखी पडून राहतात. उलट ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या भागाच्या मराठी नावात ‘परीस’ आला तेव्हा एकाच शब्दाने अख्खी लोककथा मागे उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणताना ‘सुरस व चमत्कारिक’ म्हटलं, आणि ते शब्द आजही आपल्या बोलण्यात आहेत. 1861 ची ‘मुक्तामाला’ घ्या, जी. एं.ची ‘इस्किलार’ घ्या. अद्भुताशी मराठीचं वाकडं कधीच नव्हतं.

वाचताना करायचं काय, हेही विचारलंत. शब्दसूची पहिल्या वाचनात उघडू नका. मी शंभर पानी वही ठेवते. डाव्या बाजूला नाव, देवनागरीत. देवनागरीत लिहिलं की उच्चार ठरवावाच लागतो, ‘गेड’ की ‘जेड’ असं लोंबकळत ठेवता येत नाही, आणि एकदा तोंडात बसलेलं नाव विसरत नाही. (गेडच, जेड नाही.) उजव्या बाजूला हा उच्चार कोण करतं ते: आई, शत्रू, नोकर. बास. ‘द गॉब्लिन एम्परर’ला माझी साडेचार पानं लागली, ‘पिरानेसी’ला सहा ओळी.

अर्थसीपासून सुरू करा, पहिला भाग दोनशे पानांच्या आसपासचा आहे. मग ‘टूम्ब्स’, मग वाटल्यास ‘पिरानेसी’. जेमिसिन सुट्टीत, एका दमात. चंद्रशेखर घाईने वाचू नका.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्यांना अर्थसीचे पहिले तीन भाग झाल्यावर चौथा द्या, ‘तेहानू’. तो तिसऱ्यानंतर 18 वर्षांनी, 1990 मध्ये आला. तेनार आता मध्यमवयीन विधवा आहे, गावात तिला गोहा म्हणतात, पांढरा कोळी असा त्याचा अर्थ, आणि बरेचजण नुसतंच अमक्याची बायको. तिच्या दारात ड्रॅगनच्या पाठीवरून गेड परत येतो. जगातला सगळ्यात मोठा जादूगार होता तो, आता सगळी शक्ती संपली आहे. नव्या राजाची माणसं त्याला सन्मानाने न्यायला येतात तर तो लपून बसतो, कारण पदाशिवाय आपण कोण हे त्याला कळत नाही. तेनारलाही त्याच्याशी काय बोलावं उमगत नाही. मग तो डोंगरावर निघून जातो आणि लहानपणी करायचा तेच काम धरतो, लोकांच्या शेळ्या राखायचं.